पावणेसहाचा गजर

परवा रात्री आई (माझ्या सासूबाई) नव्या फोनसमोर बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उद्या पावणेसहाला उठव." फोनने सहाचा गजर लावला. पुन्हा सांगितलं, पुन्हा सहाच. शेवटी मी "पाच पंचेचाळीस" म्हणून बघितलं, तर लगेच लागला. आई म्हणाल्या, "अगं, म्हणजे ह्याला पावणे कळतच न्हाय. मग मराठी येतं असं कसं म्हनायचं?"

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आमच्या घरात नवीन काही आणायची हौस माझी. बोलणारं बीपी मशीन झालं, आवाजावर चालणारा स्पीकर झाला, वायफायचा बल्ब, तीन-चार कीबोर्ड, औषधांची आठवण करणारी दोन ॲप्स. आधी मी बॅटरी, कॅमेरा, किंमत असलंच बघायचे. आता पहिली चाचणी मराठीची असते आणि ती आई घेतात. त्यांचं वय ७६, शिक्षण सातवी, माहेर-सासर दोन्ही कराडजवळचं. संधिवाताने बोटं आखडलीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. घरात या वस्तूंची खरी गरज कुणाला असेल तर त्यांना. त्यांच्या भाषेत जी वस्तू चालत नाही, ती माझ्या लेखी चालतच नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

पावणेचंच घ्या. आपण दिवसभर सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांतच बोलतो. दूध दीड लिटर, डाळ सव्वा किलो, जेवण साडेबाराला, गोळी अर्धी. ही काही जुन्या बायकांची बोली नाही, मराठी माणूस वेळ आणि माप असंच सांगतो. माझी नववीतली मुलगीसुद्धा क्लास "पावणेपाचला" आहे म्हणते. आकड्यांचंही तसंच. बीपी मशीन "वन थर्टी एट" म्हणतं आणि आई माझ्याकडे बघतात. मी "एकशे अडतीस" म्हटलं की त्या वहीत लिहितात. म्हणजे मी घरी नसले तर ते मशीन बोलून उपयोग काय? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. त्यातला निम्मा उत्साह जरी आपण घरातल्या यंत्रांच्या आकड्यांसाठी दाखवला असता तर आईंना वही घेऊन माझी वाट बघावी लागली नसती.

मग ऱ्य. औषधांच्या एका ॲपने आम्हाला रोज 'दुसर्‍या'च्या जागी 'दुसर्या गोळीची वेळ झाली' असं दाखवलं, र चा रफार करून. छोटी गोष्ट वाटेल, पण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलवायचं ते व्याख्यानाला, आचाऱ्यांना बोलवायचं ते लग्नाच्या पंगतीला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे फोन-संगणक अक्षरांसाठी वापरतात त्या सामायिक यादीत, ऱ ला स्वतंत्र जागा आहे, त्याचा पाय मोडला की तो आडवा र आपोआप उमटतो. ॲ हे अक्षरही २००८ पासून युनिकोडमध्ये आहे. म्हणजे तांत्रिक अडचण कुठलीच नाही. ते ॲप बाजारात येण्याआधी कुणीतरी एका मराठी माणसाला दाखवायला हवं होतं, इतकंच. मी आता कुठलाही नवा कीबोर्ड घेतला की आधी 'दुसऱ्या', 'ॲसिडिटी' आणि 'बाळ' हे तीन शब्द टाइप करते. दोन मिनिटांत कळतं.

सगळं वाईटच आहे असं मुळीच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय आणली आणि पुढच्याच वर्षी गूगलचा असिस्टंट, म्हणजे आवाजावर कामं करणारा मदतनीस, मराठी बोलायला लागला. ती बोलून टाइप करायची सोय मी आईंच्या फोनवर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) चालू करून दिली, तो दिवस मी विसरणार नाही. बोटं वळत नाहीत म्हणून दोन वर्षं त्यांनी कुणाला काही लिहिलं नव्हतं. माईकचं चिन्ह दाबून त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या, "पानी आलं का गं तुमच्याकडं?" आणि पडद्यावर 'पाणी' उमटलं, ण सकट. ते बघून आईंनी डोळ्याला पदर लावला. आज पुण्यात बसून त्या माहेरच्या पूर्ण ग्रुपशी गप्पा मारतात. अडतं ते घरच्या शब्दांवर. 'कोरड्यास' (भाकरीबरोबरचं कालवण) म्हटलं की 'कोरडं यास' असं काहीतरी येतं. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, एका ॲपमध्ये तेही बदलून 'येते, जाते' व्हायला लागलं. आईंना ते अजिबात आवडलं नाही. म्हणाल्या, "मी म्हनलं तेच लिहायला सांग त्याला." मला त्यांचं शंभर टक्के पटतं.

आणखी एक सोय खूप जणांना माहीत नसते. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. पूर्ण फोन मराठीत नको असेल तर नको, पण आईवडिलांचं औषधांचं ॲप तरी मराठीत करून द्या, ते ॲप मराठी देत असेल तर. आणि देत नसेल, किंवा चुकीचं देत असेल, तर त्याच्या पानावर मराठीत तसं लिहा. मी त्या 'दुसर्या'वाल्यांना तीन वेळा लिहिलं. अजून सुधारलेलं नाही, चौथ्यांदा लिहिणार आहे.

मोबाइलची परीक्षणं करणाऱ्या आपल्या मराठी यूट्यूबरांनाही माझी कळकळीची विनंती आहे. दहा मिनिटं तुम्ही चार्जिंगचे वॅट आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगता, मराठीतच सांगता. त्यातलं एक मिनिट "पावणेसहाला उठव" म्हणून बघा ना!

यंत्राला आपली बोली येत नाही कारण त्याला ती पुरेशी ऐकवलेलीच नाही. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' नावाचा प्रकल्प आहे, त्यात मराठीही आहे. पडद्यावर वाक्य येतं, ते आपण वाचून रेकॉर्ड करायचं, दुसरं कुणीतरी ऐकून बरोबर-चूक सांगतं. जमलेला साठा कुणालाही वापरायला खुला असतो. त्यात पुण्या-मुंबईबाहेरचे, वयस्क बायकांचे आवाज जितके जातील तितके हवेत. नवी वाक्यंही सुचवता येतात, मी पावणे आणि अडीचची लिहायला घेतलीत.

काल दुपारी आईंना चष्मा लावून बसवलं. पाच-पाच वाक्यांचा गट असतो. पहिल्या वाक्याला त्यांचा आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू येईना. चौथ्यापर्यंत त्या हळदीकुंकवाला बोलतात तशा मोकळ्या बोलायला लागल्या. पाचव्याला मधेच खोकला आला. मी म्हटलं, "राहू द्या आई, चालेल." तर म्हणाल्या, "चालेल कसं? परत घे. नीट ऐकू दे की त्याला."