‘झडपेचं ऑपरेशन टाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत गल्लीच्या, भिशीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हृदयाची झडप बिघडली म्हणजे नसांत चरबी साचली. अर्जुनाची साल, लसूण, आलं, लिंबू यांचा काढा चाळीस दिवस घेतला की नसा मोकळ्या होतात आणि झडप पूर्ववत चालते. हा म्हाताऱ्यांचा आजार. ईसीजी नॉर्मल आला की काळजी मिटली. ऑपरेशनला दहा-पंधरा लाख लागतात, ते जमेल तितकं लांबवावं. आणि झडप बदललीच असेल, तर सहा महिन्यांनी रक्त पातळ करायची गोळी सोडून द्यावी, कारण ते उंदीर मारायचं औषध आहे. खाली सही कुणाचीच नाही.

नसांपासून सुरुवात करू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या वेगळ्या आणि हृदयाच्या आत रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार झडपा वेगळ्या. ब्लॉकेज धमनीत होतं. झडपेचं दुखणं दोन तऱ्हेचं असतं: ती नीट उघडत नाही, नाहीतर नीट मिटत नाही. कधी दोन्ही. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर पाइप कितीही धुवा, पाणी परत विहिरीतच उतरणार. चिकटलेली किंवा कॅल्शियम साचून कडक झालेली पाकळी डॉक्टरांच्या गोळ्यांनीसुद्धा सुटत नाही. लघवी वाढवणाऱ्या, ठोके कमी करणाऱ्या गोळ्या हृदयावरचा ताण हलका करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. मग काढ्याकडून काय अपेक्षा करायची?

‘म्हाताऱ्यांचा आजार’ हे विधान मात्र नुसतं चुकीचं नाही, घातकही आहे. वयाबरोबर कडक होणारी महाधमनीची झडप हा उतारवयातला प्रकार, हे खरं. पण आपल्या देशात झडपा खराब होण्याचं फार मोठं कारण लहानपणात असतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने धरतो. तो बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा सुजतो. तो उतरतो तोवर घोटा, मग मनगट. घरचे म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, तेल लावा. हाच संधिवाताचा ताप. सांधे काही खोड न ठेवता बरे होतात, झडपेवर मात्र व्रण राहतो आणि तो पुढची दहा-वीस वर्षं हळूहळू आवळत जातो. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे हा जंतू सहज पसरतो, म्हणून तो गरिबाच्या घरी जास्त.

यावर औषध आहे, आणि तेही जुनं व स्वस्त: बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, साधारण दर २१ दिवसांनी. ते झडप बरी करत नाही. हा संधिवाताचा ताप पुन्हा येऊ देत नाही, कारण असा प्रत्येक ताप झडपेवर नवा घाव घालतो. झडप खराब झालेली असेल तर निदान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यांत जे लांब असेल तोवर ते चालू ठेवतात. कमरेत दुखतं खरं. शाळा बुडते, आईचा विड्या वळायचा दिवस जातो, सुगी आली की एक तारीख चुकते, मग दुसरी. मेसेज लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नसावी.

झडपेवर असा व्रण राहिलेली मुलगी विशी-पंचविशीत सासरी जाते. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही. तिला दम लागतो, सपाट झोपता येत नाही, मध्यरात्री उठून बसावं लागतं. सासू म्हणते, पोटुशी बाईला धाप लागायचीच. थोडी लागतेच. पण उशांवर उशा रचून झोपावं लागणं, खोकल्यातून रक्त पडणं, बसल्या जागी छाती बेताल धडधडणं हे नेहमीचं नव्हे. अशा बाईच्या छातीला कुणीतरी स्टेथोस्कोप लावायला हवा.

आता ईसीजी. तो हृदयातली वीज मोजतो, झडपेची पाकळी त्यात दिसत नाही. झडप बरीच बिघडलेली असतानाही ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. झडप दिसते ती टूडी इकोमध्ये. ती सोनोग्राफीच असते, सुई नाही की भूल नाही. त्याच्याही आधी स्टेथोस्कोपमधून कानाला ऐकू येणारा जादा आवाज, डॉक्टरांच्या भाषेत मर्मर, पुरेसा इशारा असतो. उतारवयातल्या महाधमनीच्या झडपेची तीन लक्षणं ध्यानात ठेवावीत: चालताना दम, चालताना छातीत दुखणं, आणि श्रम करताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं. ही सुरू झाल्यावर झडप बदलली नाही तर पुढचं आयुष्य बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांत मोजलं जातं. अडचण अशी, की आपली माणसं लक्षणं सांगतच नाहीत, ती जगणं आखडतात. काका पूर्वी राजहंसगड चढायचे, मग पायथ्याशी बसू लागले, आता सौंदत्तीच्या यल्लम्मालाही गाडी दारापर्यंत लागते. विचारलं तर म्हणतात, काही त्रास नाही.

ऑपरेशन लांबवण्याच्या सल्ल्यात एक कण खरा आहे, तो मान्य करतो. इकोच्या रिपोर्टवर ‘किंचित गळती’ लिहिलेलं असतं अशा कितीतरी लोकांना कधीच काही करावं लागत नाही. ठरावीक काळाने इको पुरतो. पण झडप जास्त बिघडली असताना थांबण्याची किंमत हृदयाचा स्नायू मोजतो. तो आधी फुगतो, मग थकतो, आणि थकलेला स्नायू नवी झडप बसवूनही पुरता सावरत नाही. शिवाय सोपे उपाय हातचे जातात. चिकटलेली मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, लवचीक असेपर्यंत जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येते, छाती कापावी लागत नाही. तीच पुढे कडक झाली की बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

राहिली उंदराच्या औषधाची गोष्ट. ती खरी आहे! रक्त पातळ करायच्या या गोळीतलं औषध, वॉरफेरिन, अमेरिकेत १९४८ साली उंदीर मारायला विकायला आलं. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मान्य झालं आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं. फरक मात्रेचा आहे, आणि ती मात्रा आयएनआर या, रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणाऱ्या, तपासणीने राखतात: मायट्रलच्या जागी धातूची झडप बसवली असेल तर आकडा साधारण २.५ ते ३.५, महाधमनीच्या जागी असेल तर २ ते ३. धातूच्या झडपेवर रक्त गोठू पाहतं. गोळी सोडली तर गुठळी होऊन झडप अडकते, नाहीतर ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. म्हणून ही गोळी जन्मभराची. नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा थोडे महिनेच लागते, पण ती झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणात त्याहून लवकर. निवड डॉक्टरांशी बसून करायची, ग्रुपवर नव्हे. पालेभाजीने गोळीचा असर कमी-जास्त होतो, म्हणून मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण श्रावणात रोज आणि एरवी कधीच नाही असं करू नये. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर दुखीची गोळी घेऊ नये. मूल हवं असेल तर आधी बोलावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत वॉरफेरिन गर्भाला बाधू शकतं. दात काढण्याआधी झडपेबद्दल सांगावं. ताप चार दिवसांत उतरला नाही तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी, करून घ्यावं, झडपेलाच जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

पैशांची भीती मात्र खोटी नाही. पण आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि त्यात फुग्याने झडप उघडणं आणि झडप बदलणं दोन्ही येतं. एपीएल कार्डवाल्यांना पॅकेजचा, म्हणजे योजनेत ठरलेल्या खर्चाचा, तीस टक्के भाग मिळतो, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीची वेळ नसेल तर आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल पत्र घ्यावं लागतं, त्याशिवाय मोठ्या खासगी रुग्णालयात योजना लागत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांत वाजलंही. त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत दम लागणाऱ्या माणसाला घरात बसवू नका. रेशन कार्ड, आधार, जुना इको आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आधी सरकारी दवाखान्याची खिडकी गाठा.