टायर चिखलाचा, रस्ता राजारामपुरीचा

कोल्हापुरात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी गाडी दारात उभी राहिली की पेढे संपायच्या आत एक प्रश्न येतो. किंमत, ॲव्हरेज, वेटिंग हे किरकोळ विषय नंतर. "टायर कधी बदलणार भावा?" कंपनीचे टायर नवे आहेत, त्यांच्यावरचे रबराचे केससुद्धा अजून झडले नाहीत, हे सांगून उपयोग नसतो. त्या टायरवर गाडी 'भरलेली' दिसत नाही, आणि न भरलेली गोष्ट दारात उभी करायची आमच्याकडे पद्धत नाही.

टायर बदलायचा म्हणजे मोठाच घालायचा, हेही ठरलेलं. त्याच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचत नाही. थारच्या १६ इंची रिमला २४५/७५ आर १६ येतो. २४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के साइडवॉलची उंची आणि १६ इंचांचा रिम. दुकानात चहा येईपर्यंत मोबाइलवर हिशेब होतो: उभा व्यास ७७४ मिलिमीटर. त्या जागी सगळ्यांचा लाडका २६५/७५ घातला की ८०४. वाढले ३०, पण गाडी वर गेली फक्त १५, कारण उरलेले १५ टायर वरच्या बाजूला फेंडरच्या पोटात वाढतो. एवढा खर्च करून कमावलेला हा दीड सेंटिमीटर चौकातल्या मंडळींना दिसत नाही. आईच्या गुडघ्यांना मात्र त्याच संध्याकाळी कळतो.

मीटरची गंमत वेगळी. तो चाकाचे फेरे मोजतो, टायर केवढा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ नं चाललेली असते. किलोमीटरही तेवढेच कमी पडतात. मोठा आणि जड टायर डिझेल खरोखरच जास्त पितो, त्यात मीटर किलोमीटर चोरतो, आणि मालक कट्ट्यावर 'ॲव्हरेज मेलं' म्हणून रडत बसतो. रडण्याआधी मीटरच्या किलोमीटरला १.०४ नं गुणावं, निम्मं दुःख तिथंच ओसरतं. जिम्नीवाले त्यामानानं सुखात: १९५/८० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातला तरी व्यास जेमतेम १० मिलिमीटर वाढतो. विमा आणि आरटीओ हा विषय दुकानात कुणी काढत नाही, म्हणून इथं काढतो. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या बाहेर गेलात तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीत फेरबदल करण्याविषयीचं कलम ५२ वाचून ठेवा.

"घासणार नाही ना?" याला दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "नाद करायचा नाय, बिनधास्त घाला." तो सपाट फरशीवर उभ्या गाडीकडे बघून बोलत असतो. गंगावेशीच्या बोळात समोरून रिक्षा आली, स्टेअरिंग पूर्ण कापलं, एक चाक गटारीच्या कडेवर चढलं, की खर्र आवाज येतो. पुढच्या बाजूला बंपरची आतली कड, मागे मडफ्लॅप आणि प्लास्टिकचं लायनर, आत स्टॅबिलायझर बार: घासायच्या जागा या. म्हणून पैसे देण्याआधी दुकानाबाहेरच्या फुटपाथवर एक पुढचं चाक चढवायचं आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मग दुसरं चाक. दुकानदार नाराज होतो, होऊ दे.

आता आवाज. एमटी, म्हणजे अस्सल चिखलाचा टायर, ताशी ६०च्या पुढं जो घुमतो तो कापशी चप्पलेसारखा: कर्रकर्र ऐकून माणसं वळून बघावीत, म्हणूनच घेतलेला. मोठाले ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात आणि मधल्या खाचांत सापडलेली हवा दाबली जाते, त्याचं हे संगीत. दोन महिन्यांनी मालकाला वाटतं, व्हील बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर हळूच डावी-उजवी लाट घ्या. वजन एका बाजूला गेल्यावर आवाज वाढला तर बेअरिंग. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर टायर. आणि टायर मुळात शांत होता, पुढं आवाज वाढत गेला, तर ठोकळ्यांवर हात फिरवून बघा. एक कड उभी, दुसरी झिजलेली, करवतीसारखी लागली तर टायर अदलाबदल करायचे राहिलेत. दर ८ ते १० हजार किलोमीटरला, आणि स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिच्यासकट पाचही.

माझं खरं भांडण एमटीशी पावसाळ्यात आहे. जुलैत सगळ्यांना वाटतं, आता आपलं राज्य. मसाई पठारावर किंवा दाजीपूरकडच्या लाल चिखलात ते असतंही. पण तिथं पोचायला ओल्या डांबरावरून जावं लागतं, आणि तिथं हा पैलवान घसरतो. ठोकळ्यांमध्ये एवढी मोकळी जागा की रस्त्याला रबर कमी टेकतं. वर एटी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणाऱ्या टायरच्या ठोकळ्यांवर असतात तशा बारीक चिरा याला फारशा नसतात. साचलेलं पाणी तो बाजूला फेकतो, पण गुळगुळीत डांबरावरच्या पातळ ओलीवर ब्रेक लांबतो. त्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं डांबरावर चिखल सांडलेला असला की बघायलाच नको. ज्याची गाडी आठवड्यातले सहा दिवस शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव करते, त्यानं एटी घ्यावा. हे मी कट्ट्यावर बोलत नाही, कारण तिथं 'एटी' म्हटलं की शाकाहारी म्हटल्यासारखं बघतात.

खरी ताकद फुकटात मिळते आणि ती कुणी घेत नाही, कारण ती दिसत नाही. हवा कमी करा. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर समजा ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. चिखलात २० ते २२ वर आणा. टायर थोडा बसतो, जमिनीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला वाढतो आणि गाडी रुतायची थांबते. एटी टायर २० वर जिथून निघून जातो, तिथं ३५ पीएसआय भरलेला महागडा एमटी बसून माती खणताना दिसतो. १५च्या खाली मात्र साध्या रिमवर जाऊ नये. वळणावर टायरची कड रिमवरून सुटते, आणि ती परत बसवायला गगनबावड्याच्या पावसात कुणी येत नाही. हवा कमी असताना वेग ३०-४०च्या आत, झटक्यानं वळण नाही. दगडांवर हवा फार काढली तर फुगलेली साइडवॉल कापली जाते, तेव्हा तिथं जरा जपून.

हवा काढायला व्हॉल्व्हची पिन सोडणं सर्वांत जलद, फक्त ती पिन दाबानं गवतात उडते. दोन-चार जादा पिना डॅशबोर्डात ठेवा. परत भरायला १२ व्होल्टचा कंप्रेसर लागतो, आणि चिमटे थेट बॅटरीला लावलेलेच बरे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज जातो, मग गाडीत फोन चार्ज होत नाही आणि घरात वादळ होतं. इंजिन चालू ठेवा. दोन टायर झाले की कंप्रेसरला दम खाऊ द्या. हवा मोजायची ती थंड टायरची. हायवेवरून आलेल्या गरम टायरमध्ये काटा तीन-चारनं वर असतो. आणि मोजायची स्वतःच्या गेजनं. पंपावरच्या पोराला 'बत्तीस' सांगितलं की तो "पस्तीस मारू काय?" विचारतो, जणू मिसळीवर जादा कट वाढतोय.

चार टायर मोठे घेऊन पैसे संपले, म्हणून मागच्या दारावर जुनीच छोटी स्टेपनी ठेवणारे खूप. पंक्चर झालं की ही लागते आणि मालक वर फोर हायही टाकतो, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडतो. या गाड्यांत बहुतेक ठिकाणी पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसतो, पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र जखडले जातात. व्यासात ४ टक्के फरक असला की कोणतं तरी चाक घासणार किंवा गिअरबॉक्सवर पीळ बसणार. पन्हाळ्याच्या कोरड्या घाटात 'ग्रिपसाठी' फोर हाय टाकणाऱ्यांचंही हेच होतं, तिथं तर टायर सारखे असूनही. मागच्या ॲक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकाच वेगात जखडणारी यंत्रणा) असेल तर छोटी स्टेपनी मागे लावूच नका. पुढचा चांगला टायर मागे घ्या, छोटी पुढे लावा आणि टू व्हीलमध्ये हळूहळू घरी या.

खरेदीच्या वेळी टॉर्च न्या. साइडवॉलवरचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: ३५२३ म्हणजे २०२३चा ३५ वा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना नेमकी ती बाजू आत जाते. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. १०९ म्हणजे एका टायरवर १०३० किलो. तीन शिखरं आणि बर्फाचा कण असं बर्फात चालणाऱ्या टायरचं चिन्ह दाखवून कुणी हजारभर रुपये वाढवत असेल तर हसा. कोल्हापुरात बर्फ उसाच्या रसातच पडतो.

पंक्चर मधल्या ठोकळ्यांत असेल तर बाहेरून खुपसायची रबरी स्ट्रिप चालते, आतून मशरूम पॅच लावला तर आणखी उत्तम. साइडवॉल कापली गेली तर टायर संपला. 'मामा, काहीतरी करा की' म्हणून उपयोग नाही. तोडलेल्या उसाच्या फडात गाडी घालायची हौस असेल तर टोकदार बुडख्यांकडे आधी बघा.

शेवटचा त्रास सगळ्यांना होतो आणि कुणाला कळत नाही. पठारावरून आल्यावर दुसऱ्या दिवशी हायवेला ८०च्या आसपास स्टेअरिंग थरथरतं. मालक थेट बॅलन्सिंगला. तिथं वजनं चिकटवून पैसे घेतले जातात, आणि चार दिवसांनी रिमच्या आतला वाळलेला चिखल गळून पडला की थरथर पुन्हा सुरू, कारण आता ती नवी वजनं जास्त झालेली असतात. आधी पाण्याचा फवारा रिमच्या आतल्या बाजूनं मारा, ब्रेकच्या मागे जमलेला लाल लगदा निघेपर्यंत. बाहेरच्या दारांवरचा चिखल हवा तर रविवारपर्यंत ठेवा. रंकाळ्यावर एक फेरी मारून झाली की मग धुवा.