कडी राहू द्या, लांडगा मारा

वस्तीच्या कडेला लांडगा दिसल्याची बातमी आली आणि तुमचं डोकं अजून शांत असेल, तर आधी ते तापवून घ्या. थंड डोक्याने हे काम होत नाही.

तो तिथे काय करत होता, हे विचारू नका. 'चालला होता' असं उत्तर आलं तर पंचाईत. लांडग्याचं पोर एक-दोन वर्षांचं झालं की घर सोडतं, जोडीदार आणि जागा शोधत शेकडो किलोमीटर पायपीट करतं. मध्ये माणसांच्या वस्त्या लागतात, कारण माणसांनी वाटेवरच वस्त्या केल्या आहेत. हे सांगत बसलात तर बंदूक कोणी उचलणार नाही. 'दबा धरून बसला होता' म्हणा. धावता धावता दबा कसा धरतात, हे विचारणारा माणूस अशा सभेला येत नाही.

सभेत माणसांच्या जिवाचा विषय आधी काढा. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२१ साली एक अहवाल काढला आहे, तो कोणाच्या हाती लागणार नाही एवढं बघा. २००२ ते २०२० या काळात जगभरात लांडग्यांच्या हल्ल्याचे ४८९ बळी त्यांना खात्रीलायक नोंदींत सापडले. बळी म्हणजे हल्ला झालेले सगळे, मेलेले २६. या ४८९ पैकी ३८० जणांना चावलेला लांडगा पिसाळलेला होता, म्हणजे खरा वैरी रेबीज. भक्ष्य समजून हल्ला झालेले ६७, त्यांतले नऊ मेले. त्या नऊ घरांसमोर माझा उपरोध चालत नाही, म्हणून तिथून मी मान खाली घालून पुढे जातो. तुम्ही मात्र थांबा, आणि सगळे आकडे एकत्र कालवून ओरडा.

युरोपचा दाखला द्यायचा तर अर्धाच द्या. युरोपीय संघात २०२३ च्या सुमारास वीस हजारांवर लांडगे होते आणि ते वर्षाला किमान ६५,५०० पाळीव जनावरं मारत होते. इथे थांबा. पुढचं वाक्य असं आहे की तिथल्या सहा कोटी मेंढ्यांपैकी लांडग्याने खाल्लेल्या ०.०६५ टक्के, हजारात एकही पुरती नाही. अर्थात ज्याच्या स्वतःच्या सहा मेंढ्या एका रात्रीत गेल्या, त्याला टक्केवारी ऐकवायला गेलात तर तो काठी उचलेल आणि योग्यच करेल. त्याला तातडीने भरपाई देणं हा एक मार्ग होता. तो टाळा. भरपाईचा अर्ज जितका रेंगाळतो, तितका लांडगा मोठा होत जातो.

आणि जनावर कोणाचं गेलं, यालाही वजन असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचं डॉली नावाचं तट्टू लांडग्याने मारलं. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराखालचं (हा युरोपातल्या रानातले प्राणी-वनस्पती राखण्याचा करार) लांडग्याचं कडक संरक्षण सैल करण्याचा निर्णय झाला, मार्च २०२५ पासून तो लागू झाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. मी फक्त तारखा ओळीने लिहिल्या.

आता कडीकडे या. मेंढ्यांच्या वाड्याच्या दाराची कडी तुटलेली असेल तर ती तशीच ठेवा. सगळ्या मोहिमेचा पाया तीच आहे. रात्री मेंढ्या मोकळ्या, राखणीला कोणी नाही, मेलेलं जनावर पुरायचा कंटाळा म्हणून वस्तीमागे उघड्यावर फेकलेलं, एवढी मांडामांड केली की लांडग्याला वेगळं आमंत्रण लागत नाही. जमल्यास फोटोसाठी त्याला दोन-चार वेळा खाऊही घाला. तो माणसाला बिचकेनासा झाला, की 'सोकावला हो, सोकावला' म्हणायला तुम्ही मोकळे.

कोणी लाल पट्ट्यांच्या दोरीची गोष्ट काढली तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. दोरीला हातभर अंतरावर लाल कापडाच्या पट्ट्या बांधून ती वाड्याभोवती ताणायची, एवढंच. वाऱ्यावर पट्ट्या फडफडल्या की लांडगा ती दोरी ओलांडायला कचरतो. पूर्व युरोपातले शिकारी पूर्वी याच दोरीने लांडग्यांना कोंडीत धरत. युक्ती साधारण दोन महिने चालते, मग त्याला सवय होते, पण मेंढ्या विण्याचे नाजूक दिवस तेवढ्यात निघून जातात. ही दोरी घातक आहे. चिंध्यांना घाबरून परत फिरणारा लांडगा लोकांनी एकदा पाहिला की त्यांची भीती जाते, आणि भीती गेली तर तुमच्या सभेला कोण येणार?

राखणीच्या कुत्र्यांचंही तेच. पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढवलेलं कुत्रं मेंढ्यांनाच आपलं घरचं समजतं. अमेरिकेत आयडाहोच्या वुड रिव्हर भागात अशी कुत्री, दोऱ्या, दिवे, आवाज आणि रात्री कळपाबरोबर झोपणारी माणसं असं सगळं एकत्र करून पाहिलं. सात वर्षांत तिथल्यापेक्षा शेजारच्या, असं काही न केलेल्या भागात लांडग्यांनी साडेतीन पट मेंढ्या मारल्या. पण माणूस रात्रभर जागवायचा म्हणजे त्याला मजुरी द्यायला हवी. गोळी स्वस्त पडते. हेलिकॉप्टर लागलं तर नाही, पण ते बिल सरकारच्या नावावर.

एवढं टळलं की नेमका कोणता लांडगा मारायचा हा किरकोळ प्रश्न उरतो. जो दिसेल तो. आई-बाप मिळाले तर उत्तमच. कळप म्हणजे टोळी आणि तिचा एक दांडगा म्होरक्या, ही समजूत बरीचशी कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांकडे बघून झाली. ती पसरवायला हातभार लावणारे संशोधक डेव्हिड मीच (Mech) यांनी पुढे स्वतःच सांगितलं की रानातला कळप बहुधा साधं कुटुंब असतो: आई, बाप आणि त्यांची पोरं. कर्ती माणसं गेली की घराचं काय होतं, ते सांगायला लांडग्याचा अभ्यासक लागत नाही. हरणाचा पाठलाग पुरता न शिकलेल्या पोरांपुढे तुमच्या वाड्याचं दार उघडं आहेच.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात प्रोफॅनिटी पीक नावाचा डोंगर आहे. (नावाचा अर्थ शिवीगाळीकडे जातो, ते मी ठेवलेलं नाही.) गुरं मारली म्हणून २०१६ मध्ये तिथल्या कळपातले सात लांडगे सरकारी माणसांनी टिपले. रिकाम्या जागेत नवा कळप आला. त्यानेही गुरं मारली. २०१९ मध्ये तोही संपवला. याला काही लोक अपयश म्हणतात. मी कायमचा रोजगार म्हणतो.

शास्त्रज्ञांची धास्ती घेऊ नका. स्लोव्हाकियातल्या लांडग्यांच्या शिकारीने पाळीव जनावरांचं नुकसान घटल्याचा पुरावा मिळाला नाही, असं एक अभ्यास सांगतो. अमेरिकेत २०१४ साली दोघांनी २५ वर्षांचे आकडे मांडून दाखवलं की लांडगे मारल्यावर पुढल्या वर्षी नुकसान उलट थोडं वाढतं. ते कमी करायचं तर दरवर्षी चौथाईहून जास्त लांडगे मारावे लागतील. त्यावर इतरांनी तेच आकडे घेऊन वेगळं उत्तर काढलं. हे तर आपल्या पथ्यावरच. 'त्यांच्यातच एकमत नाही' म्हणायचं आणि चाप ओढायचा.

मर्यादेचंही मनावर घेऊ नका. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये परवानाधारकांना ११९ लांडगे मारायची मुभा होती. तीन दिवसही पुरते झाले नव्हते, २१८ पडले. त्याच राज्यातला दुसरा एक हिशेब असा की लांडगे असलेल्या भागांत हरणं गाड्यांवर धडकण्याचे अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटले, आणि त्यात वाचलेला पैसा लांडग्यांनी मारलेल्या जनावरांच्या किमतीच्या साठ पटींहून जास्त होता. पण हरणाने गाडीची काच फोडली म्हणून कोणी सभा भरवत नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. मेंढ्या गेल्या त्या पोराच्या खोटेपणामुळे. अख्ख्या गोष्टीत एकाही गावकऱ्याने कुंपण घातलं नव्हतं, हे लहानपणी माझ्याही लक्षात आलं नाही. तुम्हीही तसंच सांगत राहा.

तर, लांडगा पडला. फोटो काढून झाला. आता घरी जा. वाटेत वाड्याचं दार वाऱ्याने आपटताना ऐकू येईल. कडी लावू नका, पुढच्या हिवाळ्यात लागेल.