फॉलो द जीप, बेटा

मंगळवारी मी सगळ्यांच्या देखत, म्हणजे सगळ्यांच्या हेडफोनांत, एका एअर ट्रॅफिक कंट्रोलरला ‘बेटा’ म्हणाले. विमानतळाचं नाव सांगत नाही. तिथे अजून दोनदा उतरायचंय.

सोलो क्रॉस-कंट्री होती, म्हणजे शिकाऊ वैमानिकाने एकट्याने दुसऱ्या विमानतळापर्यंत उडायचं. आमच्या क्लबच्या धावपट्टीवर दिवसभर आम्ही आणि टिटव्या, एवढंच ट्रॅफिक. इथे पुढे एअरबस, मागे एअरबस आणि मध्ये माझं सेसना १७२, वरातीत घुसलेल्या सायकलसारखं. टॉवरने आधी चार गिरक्या घालायला लावल्या. उतरले, ग्राउंडच्या, म्हणजे जमिनीवरची विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या, फ्रीक्वेन्सीवर गेले, तर एका श्वासात सूचना आली: चार्ली, ब्राव्हो (ही टॅक्सीवेंची, म्हणजे विमानांच्या रस्त्यांची नावं), कशाच्या तरी अलीकडे थांबा, स्टँड कितीतरी. मांडीवरच्या पॅडवर माझा नुसता ‘चा’ लिहून झाला होता. “से अगेन, सर.” पुन्हा तेच, आणखी वेगात. तिसऱ्यांदा विचारल्यावर उसासा ऐकू आला. “जस्ट फॉलो द जीप, बेटा.”

आता ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, म्हणजे रीडबॅक, हा आमचा नेम. १९७७ साली टेनेरिफच्या धुक्यात दोन जंबो आदळून ५८३ माणसं गेली, त्यामागे अर्धवट ऐकलेलं, अर्धवट समजलेलं बोलणंही होतं. त्यामुळे तक्रार नाही. पण हे इतकं अंगात भिनलंय की पाणीपुरीवाल्याने “तिखट?” विचारलं तरी मी “अफर्म, तिखट” म्हणते. अंगठ्याने बटण दाबलंच.

“फॉलोइंग जीप, बेटा.”

क्षणभर शांतता. मग कुणीतरी बटण दोनदा टिचकवलं. एअरलाइनवाले असे हसतात.

इंजिन बंद केलं, तर जीपवाले काका दाराशी हजर. पिवळी जीप, टपावर पाटी, डॅशबोर्डवर ग्राउंडचा सेट आणि शेजारी गणपती.

“बेटावाल्या तुम्हीच ना?”

मी पाणी प्यायले.

“राग मानू नका ताई, पण तुम्ही ‘सर’ फार लावता. मी मोजले. सात.”

“सवय आहे.”

“आणि त्यांनी स्टँडबाय म्हटलं की गप बसायचं. तुम्ही म्हणालात, ‘रॉजर सर, स्टँडिंग बाय सर.’ स्टँडबायला उत्तर नसतं. सासू ‘बघू’ म्हणाली की सून काय म्हणते? काही नाही.”

“काका, तुम्ही रेडिओची परीक्षा दिलीय का?”

“छे. बावीस वर्षं ऐकतोय.” आणि त्यांनी डबा सोडता सोडता मला मुळात काय सांगितलं होतं ते घडाघडा म्हणून दाखवलं. चार्लीने बाहेर, ब्राव्होवर डावीकडे, अलीकडे थांबा, स्टँड तीन. एकही ‘सर’ नाही. शेवटी माझी कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, तीही माझ्याच रडक्या आवाजात. वर पोळीचा तुकडा मोडत विचारलं, “खर्च किती येतो हो या शिक्षणाला?”

मी आकडा सांगितला.

“अरे बापरे! एवढ्यात आमच्याकडे दोन एकर आलं असतं.”

“बाबांनी तेच विकलंय.”

त्यावर मात्र त्यांनी गप्प राहून डबा पुढे केला. मेथीची भाजी होती.

मला राग येतो तो याचा. नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये. ते पाठ कोणी करायचं? आम्ही. शिवाय मी ज्या घरात वाढले तिथे फोन उचलला की आत्या म्हणते, “ओळख पाहू कोण?” मग जेवण, मग पाऊस, काम अगदी शेवटी. इथे कुणाला हाक, मी कोण, कुठे आहे, काय हवंय, हे चार सेकंदांत. त्यासाठी मी होस्टेलच्या न्हाणीघरात बादलीशी बोलते. बादली मध्येच तोडत नाही.

परतीला धावपट्टीच्या तोंडाशी, होल्डिंग पॉइंटवर, इंजिन धडधडत असताना “स्टँडबाय” आलं. काकांचं स्मरण करून तोंड शिवलं. तासांचं मीटर दर सहा मिनिटांनी एक आकडा पुढे सरकतं आणि प्रत्येक आकड्याचं बिल येतं. तीन आकडे गेले. चार एअरबस गेल्या. मग कानात आवाज आला, “आर यू ऑन फ्रीक्वेन्सी, बेटा?”

“अफर्म, सर.”

आठवा.