पोटाला सोसणारं सी

म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी औषधाच्या दुकानात हळू आवाजात काही मागू नये. ‘पोटाला झोंबणार नाही असं व्हिटॅमिन सी द्या,’ एवढंच मी म्हटलं. औषधवाल्याला ते ऐकू गेलं नाही. मागे बीपीच्या गोळ्यांसाठी उभ्या असलेल्या काकांना मात्र स्वच्छ ऐकू गेलं.

‘पोटाचं काय झालं रे?’

‘काही नाही काका, जरा आम्लपित्त.’

‘जळजळ की ढेकर?’ रांग पुढे सरकली, माझ्या दिशेने.

‘साधं सी म्हणजे एस्कॉर्बिक अ‍ॅसिड, ते आंबट असतं. त्याऐवजी त्याचंच कमी आंबट रूप, सोडियम एस्कॉर्बेट हवंय.’

‘सोडियम? म्हणजे मीठ! माझं डॉक्टरांनी बंद केलंय.’

काकांचं अगदीच चुकत नव्हतं, हीच तर चीड. एक ग्रॅम सोडियम एस्कॉर्बेटमध्ये साधारण 110 मिलिग्रॅम सोडियम जातं. ज्यांना मीठ जपायचंय त्यांनी कॅल्शियम एस्कॉर्बेट बघावं. पण हे त्यांना सांगेपर्यंत ते फळांवर पोचले होते.

‘काजूचे बोंडू खा! संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी!’

खरंय. फक्त बोंडूंचा हंगाम उन्हाळ्यात, आणि हा पावसाळा. शिवाय काकांचा बोंडू हुर्राकाच्या, म्हणजे बोंडूच्या दारूच्या, वाटेने येत असणार असा माझा संशय. भट्टीत वाफ होऊन वर जातं ते मद्य, सी भांड्यातच राहतं. हे मी मनात म्हटलं. बीपीच्या माणसाशी वाद कोण घालणार?

एवढ्यात औषधवाल्याने नारिंगी चघळायच्या गोळ्या आपटल्या. ‘सगळे हेच नेतात.’ सगळे नेतात, मागची बाजू कोणी वाचत नाही, त्याने स्वतःही नाही. तिथे बारीक अक्षरांत एस्कॉर्बिक अ‍ॅसिड 100 मिलिग्रॅम आणि सोडियम एस्कॉर्बेट 450 मिलिग्रॅम असं होतं. सोडियमचं वजन वगळता दोन्ही मिळून सी भरतं 500 मिलिग्रॅम. म्हणजे मला हवं होतं ते बरंचसं त्यातच होतं, पण सांगायचे कष्ट कोण घेणार!

प्रौढांची रोजची गरज पुरुषांना 80 आणि बायकांना 65 मिलिग्रॅम. हजाराच्या गोळीचा मोह त्यामुळे फुकटच. एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं, उरलेलं आतड्यात पाणी ओढून घेतं आणि माणूस धावत सुटतो. पाचशेचीच अर्धी गोळी जेवणानंतर पुरते. चघळून झाल्यावर चूळ भरावी, नाहीतर पोट वाचतं आणि दातांचं एनॅमल जातं. मुतखड्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि गोळ्या पट्टीतून काढून बरणीत भरू नयेत. गोव्याच्या दमट हवेत त्यांच्यावर तपकिरी डाग पडतात.

एवढं सगळं काउंटरवर कोणी सांगितलं नाही. पोटाची विचारपूस मात्र अख्ख्या रांगेने केली.

‘सुट्टे नाहीत हां,’ म्हणत औषधवाल्याने उरलेल्या पैशांच्या गोळ्या दिल्या. लिंबाच्या. सायट्रिक अ‍ॅसिडवाल्या.