'चिंतन' म्हणजे मन रिकामे करणे नव्हे

सिंहस्थाच्या तयारीची चर्चा वाढली तसा नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरू लागला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की 'चिता', 'चिंता' आणि 'चिंतन' हे एकाच धातूचे शब्द असल्याने विचार माणसाला जाळतो. खरे चिंतन म्हणजे मन निर्विचार करणे, म्हणून ते संन्याशांचे काम. आणि मनन, चिंतन व निदिध्यास ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत.

'चिंता' आणि 'चिंतन' एकाच धातूपासून आले, एवढा भाग खरा आहे. तो धातू 'चिन्त्', म्हणजे विचार करणे, स्मरणे. 'चिता' मात्र 'चि' या निराळ्या धातूपासून आली असून त्याचा अर्थ रचणे, गोळा करणे असा आहे. 'संचय' आणि 'संचित' हे शब्दही त्याच धातूचे. लाकडे रचून केलेली असते म्हणून ती चिता. जाळण्याचा अर्थ तिच्या मुळात नाही. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंताला, दोहोंत फरक केवळ अनुस्वाराचा, अशा आशयाचे संस्कृत सुभाषित प्रसिद्ध आहे आणि ते सुंदरही आहे, पण ती शब्दचमत्कृती आहे, व्युत्पत्ती नव्हे. शिवाय संस्कृतात 'चिन्ता' या शब्दाचा अर्थ काळजीइतकाच नुसता विचार असाही होतो. तसे नसते तर मनातली इच्छा पुरवणाऱ्या मण्याला 'चिंतामणी' म्हटलेच नसते.

निर्विचार होण्याची गोष्ट तर अगदी उलटी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधाला 'योग' म्हटले आहे, 'चिंतन' नव्हे. चिंतनाला विषय लागतोच. गीतेच्या नवव्या अध्यायात 'अनन्याश्चिन्तयन्तो माम्' असे म्हटले आहे, तिथेही चिंतन कोणाचे तरी आहे. त्यासाठी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. पंचवटी कारंज्यापासून सिडकोपर्यंत वाढदिवसाच्या फलकांवर 'अभीष्टचिंतन' छापलेले असते, तेव्हा कोणी मन रिकामे करत नसतो, तर दुसऱ्याचे भले मनात आणत असतो. 'हितचिंतक' हा शब्दही असाच संसारी माणसांच्या व्यवहारातला आहे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण तर मन वाईटाचेही चिंतन करू शकते, हे मान्य करूनच उभी आहे.

मनन, चिंतन आणि निदिध्यास हे तिन्ही शब्द एक असल्याचा दावा मला सर्वांत हानिकारक वाटतो, कारण त्याने मराठीने जपलेला एक बारीक भेद पुसला जातो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचे मनन करावे, निदिध्यासन करावे. तिथे मनन हे श्रवणानंतर येते. ऐकलेले युक्तीने तपासून शंका फेडणे हे त्याचे काम, आणि निदिध्यासन त्याहून पुढची पायरी, जिथे तपासणे संपून त्यातच स्थिर राहणे उरते. मराठीतही कीर्तन ऐकून किंवा पुस्तक वाचून आपण मनन करतो. चिंतनाला मात्र असे आधी ऐकलेले काही असावेच लागत नाही, ते स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या प्रश्नापासूनही सुरू होते. निराशेनंतर माणूस 'आत्मचिंतन' करतो, 'आत्ममनन' असे कोणी म्हणत नाही.

क्रियापदांकडे पाहिले तर भेद आणखी उघड होतो. मनन आणि चिंतन आपण 'करतो'. निदिध्यास मात्र 'लागतो' किंवा आपण तो 'घेतो'. 'त्याला चिंतन लागले' हे वाक्य कोणत्याही मराठी कानाला खटकेल, आणि 'तिला संगीताचा निदिध्यास लागला' याऐवजी 'तिने संगीताचे चिंतन केले' असे लिहिले, तर बाईच पालटते: पहिलीला तानपुऱ्यावाचून राहवत नाही, दुसरी संगीताविषयी शांतपणे विचार करते आहे.