ती जन्मवेळ माझ्या हातची आहे

महिनाभर एक लांबलचक मेसेज फिरतोय. आमच्या हरिपूरच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवरही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्योतिष, अध्यात्म आणि विज्ञान यांचा त्रिवेणी संगम झाला की माणसाचं कल्याण होतं. चंद्र समुद्राला भरती आणतो, तर माणसावर परिणाम करणारच. पंचांगातलं ग्रहण मिनिटावर जुळतं, म्हणजे पत्रिकाही खरी. जन्माच्या क्षणी ग्रहांचा ठसा बाळावर उमटतो. संतांचं सांगणंही हेच. विज्ञान हे तपासायला घाबरतं. आणि शेवटी, मनाला आधार मिळतो तर बिघडलं कुठं?

मी तेहतीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या दवाखान्यांत नोकरी केली, त्यातली बहुतेक लेबर रूममध्ये. हा मेसेज वाचून मी गप्प बसू शकत नाही.

भरतीचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यांना पटकन पटतो. अंगात सत्तर टक्के पाणी, चंद्र पाण्याला ओढतो, झालं. पण नुसतं पाणी आहे म्हणून भरती येत नाही. पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांत सुमारे 12,700 किलोमीटरचं अंतर आहे. जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी, आणि या फरकामुळं समुद्र फुगतो. माणूस साडेपाच फुटांचा. त्याच्या डोक्यावरची ओढ आणि पायावरची ओढ यांत फरक असून नसल्यासारखा. मिरजेच्या गणेश तलावाला पौर्णिमेची भरती येत नाही, मग हातभर बाळाच्या अंगातल्या पाण्याला कुठून येणार? आणि पाणी चढणं म्हणजे काय हे सांगलीकरांना सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांपर्यंत गेली, धोक्याची पातळी 45 फूट असताना. तेव्हा पौर्णिमेला पाच-सहा दिवस बाकी होते. 15 तारखेला राखीपौर्णिमा आली तोवर पाणी उतरायला लागलं होतं. ते पाणी पावसाचं आणि धरणांच्या विसर्गाचं होतं.

पौर्णिमेच्या रात्री बाळंतपणं जास्त येतात असं आम्ही सिस्टरसुद्धा म्हणायचो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1997 ते 2001 मधले 5,64,039 जन्म चंद्राच्या कलांशी ताडून पाहिले गेले. कसलाही संबंध निघाला नाही. गर्दीची रात्र पौर्णिमेची असली की ध्यानात राहते, साध्या षष्ठीची असली की आपण विसरतो.

ग्रहणाचं म्हणाल तर पंचांगातलं ग्रहण जुळतं, अगदी खरं आहे. पण ते गणितानं जुळतं. 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया' असं आर्यभटानं 499 च्या सुमारास लिहून ठेवलं: सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. त्यात राहू-केतूचं तोंड कुठं नाही. सावली कधी पडेल हे सांगणारं गणित वेगळं आणि त्या सावलीनं कुणाचं वाईट होईल हे सांगणारं फलित वेगळं. पहिल्याचा मान दुसऱ्याला देता येत नाही.

मला राग येतो तो पुढच्या भागाचा. 7 सप्टेंबर 2025 ला खग्रास चंद्रग्रहण होतं. आमच्या गल्लीतली एक सून सातव्या महिन्यात होती. वेध लागले म्हणून दुपारपासून उपाशी, पाण्याचा घोट नाही, हालचाल नाही, विळीला हात लावायचा नाही, का, तर बाळाचा ओठ फाटतो. मी संध्याकाळी जाऊन तिला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं आणि वरणभात खाऊ घातला. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. त्या ग्रहणाच्या कितीतरी आधी तिच्या बाळाचा ओठ तयार झालेला होता. सातव्या महिन्यातल्या बाईला दिवसभर कोरडं ठेवणं यात मात्र खरा धोका आहे.

आता ठशाचा मुद्दा. इथं मला सविस्तर बोलायचंय, कारण ती वेळ लिहिणारी मी होते.

पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं. नवमांश, म्हणजे राशीचा नववा हिस्सा, बघायचा तर तो तेरा-चौदा मिनिटांत बदलतो. आता लेबर रूममध्ये काय होतं ते ऐका. रात्रीचे तीन, ड्युटीवर सिस्टर एक, टेबलवर बाई एक आणि कळा देणाऱ्या अजून दोन. बाळ बाहेर येतं. आधी ते रडलं का बघायचं, नाक-तोंड साफ करायचं, पुसून आईच्या पोटावर ठेवायचं, नाळ कापायची, वार पडायची वाट बघायची, रक्तस्राव बघायचा. वेळ रजिस्टरला जाते ती या सगळ्यानंतर, हात धुऊन झाल्यावर, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून अंदाजानं मागं मोजत. चार वाजून आठ मिनिटं असेल तर दहा लिहिलं जातं. ज्या खोलीत मी सगळ्यात जास्त वर्षं काढली, तिथलं घड्याळ शिफ्टला उशीर नको म्हणून कुणीतरी सात मिनिटं पुढं करून ठेवलं होतं. ते आम्ही कधीच मागं केलं नाही. त्या घड्याळावरून शेकडो पत्रिका मांडल्या गेल्या.

शिवाय जन्माचा क्षण म्हणजे नेमका कुठला? डोकं दिसलं तो, पूर्ण बाहेर आलं तो, की पहिलं रडलं तो? आणि मंगळाच्या ओढीचंच म्हणत असाल तर हिशेब करून बघा. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो. त्याच्यापेक्षा दीड फुटावर उभ्या असलेल्या डॉक्टरची ओढ बाळावर जास्त पडते.

आता तर सिझेरियनचे मुहूर्त काढतात. एका शनिवारी सकाळी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, डॉक्टरांनी सही मागितली, आणि सासरे म्हणाले, साडेदहापर्यंत राहुकाळ आहे, तोवर थांबा. वीस मिनिटं हुज्जत चालली. बाळानं पोटातच शी केलेली होती. बाहेर आलं ते निळं पडलेलं, बऱ्याच वेळानं रडलं, काचेच्या पेटीत नऊ दिवस राहिलं. वाचलं. त्या वीस मिनिटांत त्याच्या आईचा चेहरा कसा झाला होता तो मी विसरलेले नाही. मुहूर्त गाठायला तारीख अलीकडं ओढणारेही आहेत. 39 आठवडे भरायच्या आत उगाच बाळ काढलं की त्याला श्वासाचा त्रास व्हायची भीती वाढते.

संतांचं नाव घेतलंय म्हणून सांगते, मी रोज हरिपाठ म्हणते. 'काळ वेळ नाम उच्चारिता नाही' हे त्यातलंच. तुकोबांचा अभंग आहे, 'अवघा तो शकुन । हृदयीं देवाचे चरण', आणि शेवट, 'तुका म्हणे हरिच्या दासा । शुभकाळ अवघ्या दिशा'. ज्यांनी सगळ्या दिशा, सगळा काळ शुभ सांगितला, त्यांना राहुकाळाच्या बाजूनं साक्षीला उभं करायचं? माझी भक्ती मला धीर देते. त्यासाठी तिला ग्रहांची गरज नाही आणि विज्ञानाच्या शिक्क्याचीही नाही.

विज्ञान तपासायला घाबरतं, हे तर साफ खोटं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तपासलं, आणि त्यांच्या सोबत आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कुठली कुणाची ते सांगितलं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आली असती. 2009 मध्ये हे 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं.

राहिला आधाराचा मुद्दा. दोन वर्षांमागं एक बाई घर शोधत माझ्याकडं आली. पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली पत्रिका काढली. "सिस्टर, माझ्या थोरलीच्या वेळी तुम्हीच होता. पोरीला मंगळ निघतोय, तीन स्थळं मोडली. गुरुजी म्हणाले, चारच्या आतला जन्म असेल तर मंगळ सरकतो. तेवढी दहा-बारा मिनिटं मागं करून लिहून द्या." पत्रिकेवर वेळ होती पहाटे 4 वाजून 10 मिनिटं.

मी तिला घड्याळाचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग खरी वेळ कुठली?" ती मला ठाऊक नाही, कुणालाच नाही. मग मी तिला कागदावर बारा घरं काढून दाखवली. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात मंगळ असला की दोष. बारातली पाच घरं. म्हणजे शंभरातल्या चाळीसेक पोरींना मंगळ निघणारच, आणि तितक्याच पोरांना. बाईनं बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं.

मुलगी बाहेर गाडीला टेकून उभी होती. तिला आत बोलावलं. चहा पुढं केला तर हात थरथरत होता. झोप येत नाही म्हणाली, जेवण जात नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना तोंड दाखवावंसं वाटत नाही. आधार कुणाला मिळाला होता या सगळ्यात? तिच्याशी तासभर बोलले. मानसिक त्रासासाठी सरकारचा टेली-मानस नंबर आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, हे सांगितलं. आईला म्हटलं, पत्रिका मागणारं घर आपलं नव्हेच असं समजा. जुळवायचंच असेल तर दोघांचं रक्त तपासा, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आईबापांकडून लेकरांत उतरणारे रक्ताचे आजार बघा, पुढच्या लेकरांसाठी ते खरोखर उपयोगाचं आहे.

मुलीनं नंबर फोनमध्ये घेतला. आईनं पत्रिका परत पाकिटात घातली, पण या खेपेला घडी न जुळवता, तशीच.